सतरा नंबरचं शेवटचं पान

संस्थेत त्यांना सगळे डिंकताई म्हणायचे, अगदी अध्यक्षसुद्धा, आणि त्यांना त्याचा राग यायचा नाही. चोवीस वर्षं जिच्या उजव्या तर्जनीवर डिंकाचा पापुद्रा वाळलेला असतो, तिला दुसरं काय म्हणणार? पण राग येण्यासारख्या इतर गोष्टी संस्थेत पुष्कळ होत्या, आणि यंदा त्यांत अशी एक भर पडली की ती ऐकून तुमच्याही तळपायाची आग मस्तकात गेली नाही, तर तो सांगणाऱ्याचा दोष समजा.

संस्था साहित्याची. दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या. बाहेरच्या खोलीत काउंटर आणि ताईंची खुर्ची, मधल्या खोलीत प्लायवूडच्या पार्टिशनमागे सचिव, आतल्या खोलीत कपाटं आणि त्यांच्या डोक्यावर आढ्यापर्यंत गेलेले पुस्तकांचे गठ्ठे. संस्था कवितेला पुरस्कार द्यायची, चरित्राला द्यायची, सामाजिक कादंबरीला तर वाजतगाजत द्यायची. आणि सगळ्यात शेवटी, पाहुणे जेवून गेल्यावर उरलंसुरलं वाढावं तसा एक पुरस्कार विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या पुस्तकाला. तो एका गेलेल्या सभासदाच्या इच्छापत्रात लिहिलेला होता, बंद करता येत नव्हता, म्हणून चालू होता.

त्याचे परीक्षक कसे नेमले जायचे तेही ऐकून ठेवा. कवितेच्या वेळी ज्यांना बोलवायचं राहून गेलं, ज्यांचा रुसवा काढायचा होता, ज्यांना कुठेतरी बसवायचंच होतं, ते इथे बसायचे. यंदा एक कवी होते, एक निवृत्त प्राचार्य होते आणि एक शास्त्रज्ञ होते. पुस्तकांचं पार्सल बघून कवी म्हणाले होते, "ही यानं-राक्षसांची पुस्तकं नंतर माझ्या नातवाला दिली तर चालतील ना?" डिंकताई काउंटरमागून हसल्या होत्या, कारण पगारी माणसाला हसावं लागतं. घरी जाऊन मात्र त्यांनी भांडी इतकी आदळली की त्यांच्या यजमानांनी न विचारताच ओळखलं की परीक्षक ठरले.

ताईंचं काम वरवर पाहता साधं होतं. प्रत्येक लेखकानं पुस्तकाच्या चार प्रती पाठवायच्या. त्यांतल्या तीन परीक्षकांना जायच्या आणि चौथी कार्यालयाची म्हणून कपाटात राहायची. परीक्षकांना लेखकाचं नाव कळता कामा नये असा नियम, आणि तो पाळायची सगळी जबाबदारी ताईंच्या बोटांवर. पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालायचं, त्यावर नंबर टाकायचा, आतल्या पानावरच्या नावावर पट्टी चिकटवायची, आणि सगळ्यात शेवटी लेखकाचा फोटो आणि परिचय असतो त्या पानाचा बंदोबस्त करायचा. तो फोटो बहुधा उजवीकडच्या पानावर असतो आणि समोरचं डावीकडचं पान कोरं असतं, नाहीतर जाहिरातीचं. ताई त्या दोन पानांना कडेकडेनं डिंक लावून एकमेकांवर मिटवून टाकायच्या. फोटो आत बंद. पट्टीखालचं वाचायला कुणी पुस्तक दिव्यासमोर धरतं, पण मिटवलेल्या पानांपुढे कुणाची मात्रा चालत नाही. ही युक्ती त्यांची स्वतःची होती आणि तिचा त्यांना रास्त अभिमान होता.

जे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं ते म्हणजे वाचणं. कार्यालयाची प्रत त्या पिशवीत घालून घरी न्यायच्या आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या, दर वर्षी, सगळी पुस्तकं. संध्याकाळी यजमान ओट्याशी उभे राहून भाजी चिरायचे आणि ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्यानं वाचायच्या. यजमान बस चालवायचे. दिवसभर त्याच एका रस्त्यावरून जाऊन आलेल्या माणसाला परग्रहाची गोष्ट किती गोड लागते ते बस चालवल्याशिवाय कळायचं नाही. काही पुस्तकं इतकी वाईट असायची की दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. पण वाईट असलं तरी पूर्ण. "लिहिणाऱ्यानं शेवटपर्यंत लिहिलंय ना," ताई म्हणायच्या, "मग आपल्याला वाचायला काय धाड भरलीय?"

त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी वाचन, मग डिंक. वाचताना पुस्तकाची शेवटची पानं कशी आहेत ते कळायचं, मग चिकटवताना चूक व्हायची नाही. चोवीस वर्षांत झाली नव्हती.

यंदा समारंभाच्या पाहुण्यांनी तारीख अलीकडे ओढली. सचिव पार्टिशनमागून बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, एकतीस पुस्तकं आलीत. महिना वगैरे विसरा, आठ दिवसांत पार्सलं गेली पाहिजेत."

"आठ दिवसांत एकतीस वाचून होणार नाहीत, साहेब."

"तुम्हाला वाचायला कोण सांगतंय? चिकटवा आणि पाठवा."

ताईंनी ओठ घट्ट मिटले आणि चिकटवली. एकतीस पुस्तकं, प्रत्येकी तीन प्रती. तिसऱ्या दिवशी मनगट दुखायला लागलं, पाचव्या दिवशी पुस्तकं आणि विटा यांत फरक वाटेना. आठव्या दिवशी पार्सलं गेली. मग त्यांनी कार्यालयाच्या प्रती एकेक करून घरी न्यायला सुरुवात केली, आणि तीन आठवड्यांनी सतरा नंबर पिशवीत आलं.

सतरा नंबर एका बाईनं लिहिलेलं होतं आणि स्वतःच छापून घेतलेलं होतं. चष्म्याच्या दुकानात काचा घासून देणारी बाई. कादंबरीतल्या शहरात प्रत्येक माणसाला जन्मतः एक चिठ्ठी मिळते. त्या चिठ्ठीवर आयुष्यातला कुठलाही एक तास पुन्हा जगता येतो, एकदाच. चिठ्ठ्या वटवायचं एक कार्यालय असतं आणि तिथे खिडकीमागे बसणारी एक म्हातारी कारकून असते. तिनं चाळीस वर्षं दुसऱ्यांचे तास काढून दिलेत, स्वतःची चिठ्ठी मात्र तशीच ठेवलीय. कुणी बक्षिसाचा तास मागतं, कुणी पहिल्या मुलाच्या जन्माचा. एक जण भांडणाचा तास मागतो, कारण त्या दिवशी सुचलेलं नसतं ते त्याला आता बोलायचं असतं, आणि आत गेल्यावर पुन्हा तोंडातून तेच जुनं निघतं. चारशे अकरा पानं वाचणारा एकाच गोष्टीसाठी जीव मुठीत धरून बसतो की ही म्हातारी स्वतःसाठी कोणता तास मागणार.

हे पुस्तक ताईंनी सहा संध्याकाळांत वाचलं. चौथ्या संध्याकाळपासून यजमानांनी भाजी चिरणं सोडलं आणि ते समोर येऊन बसले. शेवटच्या संध्याकाळी चारशे अकरावं पान संपलं. म्हातारी निवृत्तीच्या दिवशी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहते, नवीन कारकून विचारतो, "कोणता तास?" आणि चिठ्ठी आत सरकवत ती म्हणते,

इथे पान उलटायचं होतं. ताईंनी उलटलं आणि वाचलं. म्हातारीनं मागितला होता बसथांब्यावरचा एक तास. धाकट्या बहिणीबरोबरचा. बस आलीच नव्हती. दोघी कंटाळल्या होत्या, चपलांवरून भांडल्या होत्या, काहीही घडलं नव्हतं. बहीण जाऊन तीस वर्षं झाली होती. ते एक पानच होतं आणि त्यावर शेवटी पुन्हा बस येत नाही.

यजमान उठून नळाशी गेले, तोंड धुतलं आणि टॉवेल तोंडावरच धरून उभे राहिले. ताईंनी डोळे पुसले आणि समोरच्या उजव्या पानाकडे पाहिलं. तिथे काचा घासणाऱ्या बाईचा फोटो होता.

दोनच सेकंद गेले असतील. मग त्यांनी ती दोन पानं एकमेकांवर मिटवून पाहिली.

कागद वाचवायला बाईंनी डावीकडचं पान कोरं सोडलेलं नव्हतं. कादंबरीचं शेवटचं पान आणि लेखिकेचा फोटो समोरासमोर छापलेले होते, आणि परीक्षकांच्या तिन्ही प्रतींत ताईंनी आपल्या हातानं ती पानं मिटवून, दाबून, वर वजन ठेवून चिकटवलेली होती. तिन्ही परीक्षकांसाठी ती कादंबरी "ती म्हणते," इथे संपत होती. पुढे कोरं पान.

"अहो, मी हिचा शेवट चिकटवून टाकला!"

"कुणाचा?" टॉवेलमागून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी ताई सचिव यायच्या आधी दारात उभ्या होत्या. सगळं सांगितलं. शेवटच्या पानाच्या तीन झेरॉक्स काढल्या होत्या, तीन पाकिटांवर पत्ते घातले होते, फक्त परवानगी हवी होती. सचिवांनी पाकिटं हातात घेतली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

"असं काही पाठवायचं नाही. आपला कारभार असा चालतो हे आपणच लिहून द्यायचं का?"

"पण साहेब, वाक्य अर्धवट तुटलंय. वाचणाऱ्याला वाटेल पुस्तकच सदोष आहे."

"वाटलं तर फोन करतील. एकाचा जरी फोन आला तरी त्याच मिनिटाला पाठवू. झालं?"

ताईंना ते पटलं. खरंच पटलं, कारण फोन येणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. चारशे अकरा पानं ज्या एका प्रश्नामागे धावायचं त्याचं उत्तर नाही म्हटल्यावर माणूस गप्प बसेल का? त्यांनी मनात बोलणंसुद्धा तयार करून ठेवलं. चूक माझी आहे सर, पान लगेच पाठवते. काउंटरवरचा फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून धावायच्या. फोन वीजबिलासाठी यायचा, हॉलच्या भाड्यासाठी यायचा, एकदा चुकून दवाखाना समजून आला. सतरा नंबरसाठी आला नाही. दहा आठवडे गेले आणि एकाही परीक्षकाला ती म्हातारी कोणता तास मागते ते विचारावंसं वाटलं नाही.

मग पुस्तकं परत आली, आणि त्यांच्याबरोबर शेऱ्यांचे कागद.

ताईंनी सतरा नंबरचे तिन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. प्राचार्यांनी लिहिलं होतं, "शेवट ढोबळ, वाचकाला आधीच कळतो." कवींनी लिहिलं होतं, "शेवट अधिक उठावदार हवा होता." शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं, "काळाच्या संकल्पनेत शास्त्रीय त्रुटी. शेवटही निराशा करतो."

ताईंनी ते तीनदा वाचलं. मग त्यांनी सतरा नंबरच्या तिन्ही प्रती घेतल्या आणि त्यांच्या कण्यांवरून बोट फिरवलं. पुस्तक वाचलं गेलंय की नाही हे ज्याच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेलीत त्याला कण्यावरून कळतं. शास्त्रज्ञांच्या प्रतीचा कणा कोऱ्या पट्टीसारखा सरळ होता. प्राचार्यांच्या प्रतीत पहिल्या वीस पानांपर्यंत घड्या होत्या. कवींच्या प्रतीत अठ्ठावन्नाव्या पानावर औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट खूण म्हणून घातलेलं होतं आणि तिथून पुढची पानं एकमेकांना अजून छापखान्यातल्यासारखी बिलगलेली होती. म्हातारी तर कादंबरीत पहिल्यांदा बोलते तेच चौसष्टाव्या पानावर!

आता तुम्हीच सांगा. वाचलं नाही, ठीक आहे. माणूस आजारी पडतो, कंटाळतो, घरात लग्न निघतं. "वाचून झालं नाही" एवढं लिहायला कुणाचा हात झडला होता? पण न वाचलेल्या पानावर बोट ठेवून ते कुठे चुकलं हे सांगायचं, आणि तेही असं नाकानं कांदे सोलत! नऊ वर्षं रात्रंदिवस काचा घासून डोळ्यांची वाट लावून घेतलेल्या बाईनं जे पान लिहिलं, ते या तिघांनी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं.

त्याच संतापात ताईंनी कपाटातून जुन्या नोंदवह्या काढल्या. पुस्तकं पोस्टानं येतील त्या क्रमानं त्यांना नंबर मिळायचे. चोवीस वर्षांतली विजेती पुस्तकं त्यांनी शोधली. एकाचाही नंबर अकराच्या पुढे नव्हता. यंदाचं बक्षीस दोन नंबरला होतं. पुस्तक वाईट नव्हतं, ताईंनी ते वाचलं होतं, पण त्याचं मोठं पुण्य एवढंच की ते लवकर पोस्टात पडलं होतं. परीक्षकांचा उत्साह टिकेपर्यंतची पुस्तकं स्पर्धेत असायची आणि बाकीची सगळी नुसती गर्दी करायला. दरवर्षी एकोणीस-वीस माणसांच्या तोंडाला पानं पुसली जात होती, आणि त्यांना खाकी कव्हरं घालून तयार करणाऱ्या होत्या डिंकताई.

कवी उरलेली दोन पुस्तकं द्यायला स्वतः आले तेव्हा ताईंना राहवलं नाही. त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, सतरा नंबरमध्ये ती बाई शेवटी कोणता तास मागते हो?"

कवींनी चहाचा घोट घेतला. "सतरा म्हणजे ते... चिठ्ठ्यांचं?"

"हो."

"लग्नाचा ना?" कवी म्हणाले. "म्हणजे तेच ते. भावुक. या लोकांना कल्पना सुचते, पण पेलत नाही."

"छान," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका कोरडा होता की कवींनी चहात साखर आहे का ते बघितलं.

ते जिना उतरायच्या आत ताई पार्टिशनमागे होत्या. कण्यांपासून लग्नाच्या तासापर्यंत सगळं एका दमात बोलल्या. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पानं चिकटवली कुणी, ताई?"

"मी."

"मग तुम्ही कुणाच्या नावानं ओरडणार? हे बाहेर गेलं तर परीक्षक म्हणतील, तुमच्या बाईनं पुस्तकाचा शेवट लपवला, आम्ही काय करणार? आणि ते हातही झटकतील आणि सुटतीलही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुमचं. सुखानं जा ना."

घोडं पेंड खात होतं ते नेमकं इथेच. ताई बाहेर येऊन खुर्चीत बसल्या आणि मूग गिळून बसल्या. निकाल जाहीर झाला. शेऱ्यांचे कागद, परीक्षकांची नावं कापून, सगळ्या लेखकांना पोस्टानं गेले. सतरा नंबरच्या पाकिटावर पत्ता ताईंनीच घातला. घरी मात्र त्यांच्या तोंडाचा पट्टा थांबेना. परीक्षकांना त्यांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"मी दोन थांबे आधीच बस उभी केली," यजमान म्हणाले, "आणि उतरणाऱ्यानं मला सांगितलं की शेवटचा थांबा काही खास नाही, तर मी त्याला पुन्हा बसमध्ये घेईन का? तू त्या बाईला सांगून टाक."

"सांगून काय होणार? बक्षीस तर गेलंच."

"मग रोज मला कशाला सांगतेस?"

यावर ताईंनी भाजीत मीठ दोनदा घातलं.

समारंभ झाल्यावर एका दुपारी काचा घासणारी बाई आपल्या प्रती परत न्यायला आली. पन्नाशीची, बारीक, बोटांच्या टोकांना पांढुरकी भुकटी लागलेली. कामावरून मधल्या सुट्टीत आली होती, म्हणून घाईत होती. ताईंनी फोटोवरून लगेच ओळखलं आणि सहीची वही पुढे केली.

"शेरे मिळाले मला," ती सही करता करता म्हणाली. "बरं झालं. लोक म्हणतात परीक्षक वाचत नाहीत, पण तिघांनी एकाच जागी बोट ठेवलंय म्हणजे काहीतरी असणारच. मलाही शंका होतीच शेवटाची."

"कसली शंका?"

"फार साधा आहे. काही घडतच नाही त्यात. नवीन आवृत्ती छापायला घेतलीय, त्यात बदललाय मी. आता ती लग्नाचा तास मागते. मंडप, माणसं, बँड... जरा उठाव येतो. ते जुनं पान काढूनच टाकलं. उद्या छापखान्यात देणार आहे."

लग्नाचा तास. त्या कवीनं चहा पिता पिता, गोळ्यांच्या पाकिटापर्यंतच वाचून जे तोंडाला येईल ते फेकलं, तेच ही बाई स्वतःच्या हातानं पुस्तकात लिहून आली होती. उद्यापासून त्या म्हातारीच्या हातून बसथांबा जाणार होता, बहीण जाणार होती, आणि ते कुणी केलं हे कुणाला कधी कळणारही नव्हतं. पार्टिशनमागे सचिवांची खुर्ची करकरली.

"बदलू नका," ताई म्हणाल्या. खालच्या आवाजात म्हणणार होत्या, पण आवाज आपोआप चढला. "अहो बाई, एकानंही तुमचा शेवट वाचलेला नाही!"

त्यांनी एक प्रत ओढली, कागद कापायची सुरी घेतली आणि मिटवलेली पानं तिच्यासमोर फोडली. डिंक चरचरला, चारशे बाराव्या पानाचा एक कोपरा फाटला. दुसरी प्रत दाखवली, ती तशीच बंद होती. तिसरीही. आपण काय केलं, ते का केलं, चूक कशी झाली, वाक्य कुठे तुटत होतं, कुणाच्या पुस्तकाला किती घड्या होत्या, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा संताप पुन्हा असा उसळला की परीक्षकांच्या नावानं दोन-चार शब्द निघून गेले. "न बघितलेल्या पानाला ढोबळ म्हणतात! माझे यजमान बस चालवतात, ते हे पान ऐकून टॉवेलमागे रडले, आणि हे पुस्तकपंडित..."

बाई फाटलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून उभी होती. ती रडलीही नाही, ओरडलीही नाही.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

ताई थांबल्या. "पार्सलं गेल्यावर तीन आठवड्यांनी."

"आणि शेरे कधी आले?"

"त्यानंतर दहा आठवड्यांनी."

"तुम्हाला कळून आज चार महिने झाले," बाई म्हणाली. "शेरे मला पाठवले तेव्हा तुम्हाला माहीत होतं. माझा पत्ता होता तुमच्याकडे. तुम्हीच लिहिलात ना पाकिटावर? या वहीतलंच अक्षर होतं त्यावर."

ताईंनी सुरी खाली ठेवली.

"मला लिहून द्या."

"काय?"

"आत्ता जे सांगितलंत ते. संस्थेच्या कागदावर. तुमच्या सहीनं."

ताईंनी संस्थेचा कागद आणि शिक्का घेतला आणि लिहायला बसल्या. सचिव बाहेर आले आणि दारातच उभे राहिले. "ताई, हे असं लिहून द्यायचा तुम्हाला अधिकार नाही. शिक्का खाली ठेवा." ताईंनी मान वर केली नाही. सतरा नंबरच्या तिन्ही प्रतींत कादंबरीचं शेवटचं पान माझ्या हातून चिकटवलं गेलं. ते कोणत्याही परीक्षकानं उघडलेलं नाही. शेवटाबद्दलचे तिन्ही शेरे शेवट न पाहता लिहिलेले आहेत. "मी अध्यक्षांना कळवणार," सचिव म्हणाले. "उद्यापासून तुम्ही या खुर्चीत नसाल."

"बरं," ताई म्हणाल्या.

बाईनं कागद घेऊन उभ्या उभ्या वाचला. सचिवांकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"शेवटाला हात लावत नाही आता मी," ती म्हणाली. "छापखान्याला कळवते." मग कागद पुन्हा काउंटरवर ठेवून ताईंकडे सरकवला. "पण यात एक गोष्ट राहिली. हे तुम्हाला चार महिने माहीत होतं आणि तुम्ही कळवलं नाहीत, तेही लिहा."

ताईंना वाटलं, आपण हिची बाजू घेतली, नोकरी पणाला लावली, तर ही आपल्यावरच उलटली. ओठांवर उत्तर आलंही. पण ते बोलायला लागलं असतं त्या बोटांना पांढरी भुकटी लागलेल्या बाईसमोर, आणि तिची मधली सुट्टी संपत आली होती.

त्यांनी पेन उचललं आणि ती ओळ लिहिली. लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की आधी फोनची वाट बघण्यात आणि मग त्या तिघांना शिव्या देण्यात चार महिने आपले फार बरे गेले. मग त्यांनी त्या ओळीखाली पुन्हा सही केली आणि कागद तिला दिला.